रोह्यांच्या मागे चार दिवस आणि दादाचा मूस

दिवस पहिला, गुरुवार

सकाळी आठला निघायचं ठरलं होतं आणि निघालो साडेअकराला, कारण दादाला जळगावात आधी कचोरी, मग चहा, मग जुन्या कॉलेजवरून एक चक्कर असं सगळं करायचं होतं. दादा म्हणजे माझ्या मोठ्या मामांचा मुलगा, बारा वर्षं झाली स्वीडनमध्ये आहे, तेही पार उत्तरेला उमिओ नावाच्या गावात जिथे डिसेंबरात दुपारी दोनच्या आतच सूर्य मावळतो. आपल्याकडे जानेवारीत मी स्वेटर मफलर कानटोपी घालून गाडी चालवतोय आणि हा बाजूला टीशर्टवर खिडकी उघडी टाकून बसलेला, भुसावळच्या पुढे तापीच्या पुलावर माझे दात वाजायला लागले तेव्हा कुठे काच वर केली.

फैजपूरला थांबलो. १९३६ चं काँग्रेसचं अधिवेशन इथे झालं होतं, खेड्यात झालेलं पहिलं, हे मी दादाला दरवेळी सांगतो आणि तो दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं करतो. पुढे सावदा, केळीचे ट्रक, मग डावीकडे सातपुड्याच्या पायथ्याला मामांचं गाव. रस्ताभर दोन्ही बाजूला केळी, घडांना पिशव्या घातलेल्या, मध्येच गहू हरभरा आणि थोडी दादर ज्वारी.

खरं तर ट्रिप पालची, म्हणजे सातपुड्यातल्या जंगलालगतच्या गावाची ठरली होती. पण मामांनी गेल्या गेल्याच रोह्यांचा विषय काढला आणि तिथून सगळं फिरलं. रोही म्हणजे नीलगाय, आमच्याकडे नीलगाय कोणी म्हणत नाही. मामांचा दोन एकर हरभरा आहे डोंगराच्या बाजूला, घाट्यावर आलेला, आणि पाच-सहा रोही रोज रात्री येऊन त्याचा फडशा पाडतात. मामांनी सगळे उपाय करून झालेत. आधी जुन्या साड्या बांधल्या चारी बाजूने, मामी म्हणते माझ्या लग्नातला शालूपण गेला त्यात. आठ दिवस रोही साड्यांना घाबरले, नवव्या दिवशी साडी बाजूला सारून आत. मग भोंगा लावला, त्यात कुत्र्याचं भुंकणं आणि वाघाची डरकाळी भरलेली, त्याचा उपयोग एवढाच झाला की शेजारचे झोपेनात. झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत हलका करंट सोडणारं, शेजाऱ्याने लावलंय, मामांच्या वावरात अजून नाही, म्हणून शेजाऱ्याकडून वळलेले रोहीपण इकडेच. शेवटी उरला सुतळी बॉम्ब.

दादा हे सगळं ऐकून म्हणाला, बॉम्ब फोडल्यावर ते जातात कुठे?

मामा म्हणाले, "कुठी जातात म्हंजे? पयतात."

"पळून कुठपर्यंत? परत किती वेळाने येतात?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. एवढं कोण बघतं रात्री, बॉम्ब फोडला की माणूस गोधडीत शिरतो.

हा प्रश्न दादाच्या डोक्यात का आला ते रात्री जेवताना कळलं. मामीने हिरव्या वांग्याचं भरीत केलं होतं, वांगी काट्यांवर भाजून लाकडी बडजीत ठेचलेली, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे, सोबत कळण्याची भाकरी, आणि दादा एकेक घास घेत मूसच्या गोष्टी सांगत होता. मूस म्हणजे हरणांच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी, खांद्याशी दोन मीटरपर्यंत उंच, नर चारपाचशे किलोचा, तिकडे त्याला एल्य म्हणतात. दादा स्वतः शिकारी नाही, बंदूक नाही लायसन नाही, पण त्याच्या कंपनीतले काही जण एका शिकार मंडळात आहेत, आपल्याकडे गावात भजनी मंडळ असतं ना तसं तिकडे जवळजवळ प्रत्येक खेड्यात शिकार मंडळ असतं. उत्तरेकडे सप्टेंबरच्या सुरुवातीला शिकार सुरू होते, त्या आठवड्यात निम्मं ऑफिस रजेवर, मग माजाच्या दिवसात मध्ये थांबवतात आणि पुन्हा सुरू. किती मारायचे, त्यात वासरं किती नर किती हे आधी ठरलेलं असतं. दादाला हे लोक पाहुणा म्हणून लाकडी मचाणावर बसवतात, डोक्यावर भगव्या रंगाची टोपी, हातात कॉफीचा थर्मास, आणि हलायचं नाही.

"आणि मारून टाकतात?" मामीने विचारलं.

"मारतात आणि खातात. वर्षभराचं मटण फ्रीजरमध्ये."

मामी माळकरी आहे, ती उठून दूध तापवायला गेली.

रात्री नऊला आम्ही तिघे आणि सालदार वावरात. मचाण म्हणजे चार बल्ल्या, वर फळ्या, कडेला कंदील टांगलेला. दहा वाजून दहा मिनिटांनी हरभऱ्यात खसखस ऐकू आली, सालदाराने बॉम्ब पेटवून भिरकावला, धाडकन आवाज आणि मग खुरांचा आवाज नाल्याच्या दिशेने. मामा लगेच आडवे झाले. दादाने मोबाईलमध्ये वेळ टाकली आणि बसून राहिला. अकराला पाच कमी असताना परत खसखस. पंचेचाळीस मिनिटं फक्त! मामांना उठवलं तर म्हणाले रोजचंच आहे.

दुसऱ्यांदा मात्र मला राहवलं नाही. बॉम्बनंतर मी आणि सालदार बॅटऱ्या घेऊन आरडाओरडा करत मागे धावलो, नाला ओलांडला, पुढच्या बांधापर्यंत गेलो, माझी एक चप्पल चिखलात राहिली. त्यानंतर रात्रभर रोही आले नाहीत. मी जाम खूश.

दिवस दुसरा, शुक्रवार

खुशी सकाळी सातपर्यंत टिकली. शेजारचे काका बांधावर उभे, त्यांच्या नाल्याकडच्या पट्टीत मका आहे, मशीनची तार तिथपर्यंत गेलेली नाही, आणि रात्री साडेअकरानंतर रोह्यांनी तिथे धिंगाणा घातला होता. "तुमी हाकलता अन आमच्याकडे लोटता," असं म्हणून त्यांनी जे सुरू केलं ते मामांच्या वडिलांपर्यंत जाऊन पोचलं. दादा मध्येच म्हणाला, काका मी जरा तुमच्या वावरात जाऊन पावलं बघू का. काका गोंधळले आणि हो म्हणाले.

आता हे मला नीट सांगायचंय कारण मी आयुष्यात पहिल्यांदा अशी जमीन वाचली. हरभऱ्याच्या शेजारी गव्हाला आदल्या संध्याकाळी पाणी भरलेलं होतं, काळी माती, लोण्यासारखी, त्यात सगळं उमटलेलं. बॉम्ब पडला तिथून पहिली पावलं खोल, खुराचे दोन्ही भाग फाकलेले आणि प्रत्येक ठशाच्या मागे चिखलाचा गोळा उडून पडलेला, दोन झेपांमध्ये माझी चार पावलं मावतील एवढं अंतर. असं साधारण शंभर पावलं. मग अंतर कमी झालं. मग खूर फाकलेले दिसेनात, नुसते बदामासारखे ठसे. नाल्यापलीकडे एक बाभूळ आहे, तिथे सगळी पावलं एकावर एक, आणि सगळ्यांची तोंडं आमच्या मचाणाकडे. म्हणजे ते तिथे उभे होते. आम्ही मचाणावर बसून त्यांना पळवल्याच्या गप्पा मारत होतो तेव्हा ते दीडदोनशे पावलांवर उभे राहून आमच्याकडे बघत होते, त्यात एकाने लेंड्यांचा ढीगही टाकून ठेवला होता, अगदी आरामात.

तिथून परतीची पावलं सरळ नव्हती. नाल्याच्या कडेने खाली दक्षिणेला, मग वळून हरभऱ्यात.

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. म्हणाला, सेम मूस! मूसची नजर तशी कच्ची, पण नाक आणि कान जबरदस्त. माणसाची चाहूल लागली की तो हरणासारखा उधळत नाही, लांब पाय टाकत दुडक्या चालीने निघतो, पडलेली झाडं सहज ओलांडत, काहीशे मीटरवर थांबतो आणि ऐकतो. मागे कोणी येत नसेल तर वाऱ्याचा अंदाज घेत वळसा मारतो आणि अशा जागी बसतो की त्याच्याच मागावर कोणी आलं तर त्याचा वास वाऱ्याबरोबर आधीच याच्या नाकात. म्हणजे शिकारी पावलं बघत बघत पुढे चाललाय आणि मूस बाजूला बसून त्याचा वास घेतोय. "काल वारा डोंगराकडून खाली येत होता, रोही दक्षिणेकडून आले, म्हणजे आपला वास घेत घेत आले," असं त्याने जाहीर केलं. मला पटलं. काकांनाही पटलं, ते भांडण विसरून आमच्याबरोबर फिरत होते.

दुसऱ्या पळापळीची पावलं मात्र वेगळी निघाली. बाभळीपाशी थांबण्याची खूणच नाही. मी आणि सालदार मागे होतो ना. तिथून सरळ काकांच्या केळीत, दोन ओळींमधून आरपार, ठिबकची नळी एका ठिकाणी खुराने फाटलेली, मग पलीकडे मका. त्या नळीचे पैसे मामांनी दिले, माझ्याकडे बघत दिले.

दुपारी पालला निघालो. खिरोद्यावरून रस्ता वर चढतो, केळी मागे पडते आणि एकदम सागाची पानगळ सुरू होते, रस्त्याच्या कडेला पापडासारखी वाळलेली पानं. पाल रावेर तालुक्यात, यावल अभयारण्याला लागून, अभयारण्य १९६९ चं, पलीकडे मध्य प्रदेशची हद्द. एवढं जवळ असून जळगावची माणसं महाबळेश्वरला जातात, असो. मुक्कामाच्या खोलीत गरम पाणी येणार नाही हे बुकिंग करताना कोणी सांगितलं नव्हतं, दादाने थंड पाण्याने आंघोळ केली आणि मी केली नाही. रात्री शेवभाजी, तर्री एवढी की दादाच्या कानातून धूर. बारा वर्षांत तिखट विसरलाय तो.

दिवस तिसरा, शनिवार

पहाटे साडेपाचला तडवी चाचा आले. आधी वनमजूर होते, आता रिटायर, पण अजून रोज जंगलात जातात, सवय म्हणाले. चौकीवर नोंद केली आणि त्यांच्या मागे पायी. चाचा बोलत नाहीत, पुढे चालतात आणि हात मागे करून बोटाने दाखवतात. अस्वलाने उकरलेलं वारूळ, सांबराने साल घासलेलं झाड. लंगूर मात्र भरपूर दिसले, ते काय घाटातही दिसतात.

साडेसहाला एका डोहाच्या वर कातळाआड बसलो. पाण्याच्या कडेला ओल्या वाळूत सांबराचे ठसे होते पण जुने, कडा ढासळलेल्या. चाचा हळूच म्हणाले, चार दिवसांपूर्वी रात्री हद्दीकडून बॅटरीवाले आले होते, सश्यांच्या मागे असतील नाहीतर डुकराच्या, गार्ड लोक गेले तोवर पसार. तेव्हापासून सांबर उजेडात पाण्यावर येत नाही, मध्यरात्री येऊन जातं.

"जंगल सोडून गेले का मग?" मी विचारलं.

"कुठे जातील भाऊ. अठीच आहेत. सरकले."

यावर दादाने कुजबुजत जे सांगितलं ते मला फार इंटरेस्टिंग वाटलं. त्याच्याच गावात, उमिओला, स्वीडनच्या शेतकी युनिव्हर्सिटीचा कॅम्पस आहे, तिथल्या लोकांनी मूसच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधून अभ्यास केलाय. एक म्हणजे शिकारीचा सीझन आला म्हणून मूस आपला भाग सोडून जात नाहीत, त्यांचं एकूण फिरणं फार काही बदलत नाही. दुसरं म्हणजे त्यांनी मुद्दाम माणसांना बर्फावरून स्की करत मूसच्या जवळून पाठवलं, बंदूक नाही काही नाही, तर पहिल्या तासात मूसची हालचाल कितीतरी पटींनी वाढली आणि पूर्ववत व्हायला तीनेक तास लागले. बर्फात चारपाचशे किलोचं अंग घेऊन पळायचं म्हणजे थंडीसाठी साठवलेली चरबी फुकट जाळायची. म्हणजे गोळी न मारताही नुसतं आपण तिथून गेलो याची किंमत जनावर मोजतं. हे ऐकताना आपण तिघे ज्या कातळाआड बसलोय तिथे यायला किती पाचोळा तुडवला ते मला आठवलं.

मग वाट बघणं. मला वाट बघता येत नाही हे मी आधीच कबूल करतो. पाय अवघडले, डास, कातळ गार. सव्वासातला वारा फिरला, माझ्या मानेला थंड लागला तेव्हा लक्षात आलं, आणि त्याच मिनिटाला पलीकडच्या करवंदीच्या जाळीतून पोंक! असा एकच आवाज आला, एवढा मोठा की मी दचकलो. सांबर. दिसलं नाही. दोन सेकंदांनी पुन्हा, मग पाय आपटल्याचा आवाज. चाचांनी हात खाली केला, म्हणजे बसा.

दादा तोंडाशी तोंड आणून म्हणाला, थांबू आपण, पाठलाग नाही केला तर परत येईल. आम्ही थांबलो. अर्धा तास. पाऊण तास. जाळीत एक फांदी हलली, मला शपथेवर वाटतं की कान दिसला, आणि माझा मोबाईल वाजला. सायलेंटवर टाकला होता हो, पण अलार्म सायलेंटवर पण वाजतो, आठ वाजता बीपीची गोळी. जाळीतून जे गेलं ते दगड गडगडवत वरपर्यंत गेलं, बराच वेळ आवाज येत राहिला. चाचा काही बोलले नाहीत. दादा पण नाही. तेच जास्त लागलं.

उतरताना चाचा एकदम बोलायला लागले, कदाचित माझी कीव आली असेल. दादाने त्यांना मामांच्या वावरातली गोष्ट आणि वाऱ्याची थिअरी सांगितली, तर चाचा हसले. म्हणाले, सांबर नाकाचं जनावर, तुमचा तो परदेशी पण तसाच असेल, सांबराचाच भाऊ ना तो, दरवर्षी शिंग गाळतो की नाही? दादा म्हणाला गाळतो. "रोही शिंग गाळत नाही. त्याची जात वेगळी. तो नाकावर नाही चालत, डोळ्यावर चालतो. उघड्यावर थांबून मागे वळून बघतो ना, ते बघायलाच. दक्षिणेकडून मचाणावरचा कंदील दिसत असेल, म्हणून तिकडून आला."

दादा गप्प झाला. मग म्हणाला, उत्तरेकडून मचाण चिंचेच्या आड जातं. बरोबर आहे. बारा वर्षं स्वीडनमध्ये मूस बघून आलेल्या माणसाची थिअरी चाचांनी उभ्या उभ्या काढून ठेवली.

संध्याकाळी चाचांच्या अंगणात शेकोटीला बसलो होतो, गारबर्डीच्या धरणावर थोडं फिरून आलो होतो त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, पाणी आहे, सूर्यास्त आहे, सेल्फीवाले आहेत. शेकोटीला दादाने अजून सांगितलं. तिकडे मूससाठी खास कुत्रे असतात, करडे, शेपटी वळलेली. कुत्रा एकटा जंगलात शिरतो आणि मूस सापडला की त्याला चावत नाही, समोर उभा राहून सारखा भुंकतो. गंमत म्हणजे मूस कुत्र्याला घाबरून पळत नाही, वळून त्याच्यासमोर उभा राहतो, लांडग्यासमोर जसं उभं राहायचं तसंच, मानेवरचे केस ताठ, कान मागे, मध्येच पुढच्या पायाने झोडपतो. हा उभा आहे तोवर शिकारी वाऱ्याच्या उलट बाजूने भुंकण्याच्या आवाजावर सरकत येतो. आणि माणसाची चाहूल लागली की मग मूस निघतो, मग कुत्रापण उपयोगाचा नाही. लांडग्यासमोर जी गोष्ट जीव वाचवते तीच बंदुकीसमोर जीव घेते, हे चाचांना लगेच कळलं, ते म्हणाले डुकराचं पण तसंच, कुत्र्यांसमोर पाठ झाडाला लावून उभं राहतं.

गोळी लागून मूस पळाला तर लगेच मागे धावायचं नाही हा तिथला पहिला धडा. मागे कोणी नाही असं वाटलं तर जखमी मूस जवळच कुठेतरी बसतो, मागे लागलात तर अंगात जीव आहे तोवर किलोमीटरच्या किलोमीटर जातो आणि मग सापडत नाही, कुठेतरी झुरून मरतो. म्हणून थांबायचं आणि माग काढणारा शिकवलेला कुत्रा आणायचा, तो दोन तासांच्या आत हजर झाला पाहिजे असा कायदाच आहे तिकडे.

मग त्याने एक गोष्ट सांगितली ती मामीसमोर सांगितली नव्हती. मंडळाचा नियम असा की मूसच्या गायीबरोबर, म्हणजे मादीबरोबर, वासरू असेल तर आधी वासरू मारायचं, गाय नाही, नाहीतर वासरू थंडीत एकटं मरतं. एका सकाळी दादाच्या समोरच वासरू पडलं. गाय पळाली. लोकांनी येऊन वासरू साफ केलं, ओढत नेलं, आतडी तिथेच टाकली. दादा दुपारी पुन्हा त्याच मचाणावर बसला होता. चारच्या सुमारास गाय परत आली. जिथे वासरू पडलं होतं तिथे नाक खाली करून उभी राहिली, मग ओढत नेलेल्या रेघेवरून चालत रस्त्यापर्यंत गेली, तिथे गाडीच्या चाकांपाशी रेघ संपली, पुन्हा मागे आली. अंधार पडेपर्यंत तिचं हेच चाललं होतं. खाली उतरायचं तर तिच्यासमोरून जावं लागणार म्हणून दादा वर बसून राहिला, सात वाजेपर्यंत.

चाचांनी शेकोटीत लाकूड सारलं. त्यांच्या सूनबाईंनी चहा आणला.

दिवस चौथा, रविवार

सकाळी परत. घाटात धुकं, वाटेत एका टपरीवर चहा आणि गरम भजी, बाकी लिहिण्यासारखं काही नाही. माझी नळीवाली बदनामी गावभर झाली होती, "बॅटरीवाले पाव्हणे" असं नाव पडलंय.

दुपारी दादाने मामांना बसवलं आणि हिशोब मांडला. नुसता बॉम्ब फोडला तर रोही बाभळीपर्यंत जातात आणि पंचेचाळीस मिनिटात येतात. मागे धावलं तर रात्रभर येत नाहीत पण काकांच्या मक्यात जातात आणि भांडण आपल्या दारात येतं. शिकाऱ्याला जनावर जवळ थांबायला हवं असतं म्हणून तो मागे धावत नाही, आपल्याला ते लांब जायला हवंय, म्हणजे आपण शिकाऱ्याच्या उलट करायला पाहिजे, पण गावाच्या पलीकडे पुन्हा कोणाचं तरी वावरच आहे. मामा म्हणाले, "मंग? याच्यासाठी स्वीडन लागते का? हे तं मले माहित व्हतं."

पण चाचांचं कंदिलाचं म्हणणं मामांना पटलं. रात्री कंदील मचाणावरून काढून शंभर पावलांवर विहिरीच्या काठीला टांगला आणि आम्ही मचाणावर अंधारात. काकापण आले, त्यांना आता आपल्या मक्याची काळजी, शिवाय मामीने पाठवलेली दादरची भाकरी आणि पिठलं.

नऊ चाळीसला बाभळीपाशी काहीतरी काळं हललं. चांदणं नव्हतं पण डोळे सरावले होते. पाच. पुढे नर, काळपट, गळ्याखालचा पांढरा ठिपका तेवढा दिसत होता, मागे माद्या. ते उभे राहिले आणि विहिरीकडे बघत राहिले. आमच्याकडे नाही, विहिरीकडे! दादाने माझ्या मांडीला चिमटा काढला. बराच वेळ उभे होते, मग कंदिलाला मोठा वळसा घालून, म्हणजे नेमके आमच्या बाजूने, हळूहळू आत आले. वीस पावलांवरून एक मादी गेली. तिचा श्वास ऐकू येत होता आणि दातांखाली घाटे फुटल्याचा कुरकुर आवाज, एकसारखा, जसं कोणी बाजूला बसून फुटाणे खातंय. मी श्वास रोखून धरला होता, मोबाईल यावेळी घरीच ठेवला होता.

मामा दहा मिनिटं गप्प बसले, हे मामांच्या मानाने खूप. मग त्यांच्या पोटातल्या शेतकऱ्याला राहवेना, त्यांनी खिशातून बॉम्ब काढला, काडी ओढली, वात पेटली, फेकला. दवाने सुतळी ओली झालेली. फुस्स. पण काडीचा उजेड पुरला, नर खॅक करून शिंकरल्यासारखा आवाज काढून वळला आणि पाचही नाल्याकडे धडधडत गेले. शंभर पावलं. मग आवाज मंद झाला. मग थांबला.

काका कुजबुजले, "बाभयीखाली उभे असतीन आता."

सालदार बॅटरी घेऊन उठायला लागला, मामांनी त्याचा शर्ट धरून खाली बसवलं. अंधारात कोणीच काही बोलेना. मग मामांनी विचारलं, "किती वाजले?"

दादाने घड्याळ बघितलं. "दहाला पाच कमी."

"म्हंजे येतीन वीस कमी अकराले," मामा म्हणाले, गोधडी डोक्यावरून ओढली आणि आतून आवाज आला, "मले साडेधाले उठव."